टेकविनची पट्टी

अबरवेनच्या मैदानाला दोन दारं आहेत. बाजाराकडचं आपल्या माणसांचं आणि नदीकडचं पाहुण्यांचं. टेकविन प्रिचर्ड उभ्या जन्मात नदीकडच्या दारातून आत गेला नव्हता. त्या शनिवारी दुपारी मात्र तो तिथल्या रांगेत उभा होता, जावयाचं ढगळ जाकीट घालून, टोपी भुवयांवर ओढून आणि मफलर थेट नाकापर्यंत गुंडाळून. एप्रिलचं छान ऊन पडलं होतं, पुढेमागे सगळे उघड्या गळ्याने उभे होते, त्यामुळे लपायला म्हणून घेतलेल्या या सोंगात तोच सगळ्यांत उठून दिसत होता. पण हे त्याला सांगणार कोण?

"हे पाहुण्यांचं दार आहे, आजोबा," तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "ट्रेवाइनचे ना तुम्ही?"

टेकविनने मान डोलावली. खोटं बोलायला आवाज लागत नाही, हे त्याला त्या हिवाळ्यातच कळलं होतं.

वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यात आडनावं मोजकी आणि माणसं भरपूर. टेकविन प्रिचर्ड म्हणून हाक मारली तर चार-पाच जण सहज वळून बघतील. म्हणून इथे माणूस त्याच्या धंद्यावरून, घरावरून, नाही तर खोडीवरून ओळखला जातो. आमचा टेकविन म्हणजे टेकविन नोडिन. नोडिन म्हणजे सूर. आयुष्यभर त्याने दुधाचा टँकर चालवला, पण दूधवाला टेकविन असं त्याला कोणी कधी म्हटलं नाही.

हा सूर घरातूनच आलेला. त्याचे वडील चॅपलमध्ये गाणं उचलून द्यायचे. म्हणजे पाद्रीबाबांनी गाण्याचं नाव सांगितलं की सगळ्यांच्या आधी उभं राहून पहिली ओळ लावायची, मग बाकीचे तिच्यामागून येणार. पेटी नाही, काही नाही. लोकांना वाटतं, गळा असला की झालं. गळ्याचं काम त्यात फार थोडं. काम आहे ते पट्टीचं. वडील लहानग्या टेकविनला म्हणायचे, "चौथ्या ओळीत मागच्या बाकावरच्या बायकांना कुठवर जाता येईल ते आधी बघ. मग तोंड उघड."

टेकविनने हे सगळं उचललं आणि सरळ फुटबॉलच्या मैदानावर नेलं. वडिलांनी वर्षभर अबोला धरला. पण अबरवेनच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गोलच्या मागच्या, उभं राहून बघायच्या पायऱ्यांवर, तोवर जो तो मनाला येईल तिथून ओरडत सुटायचा आणि गाणं दुसऱ्या ओळीतच मान टाकायचं. टेकविन तिथे कठड्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने चॅपलमधलं एक जुनं गाणं लावलं, डोंगरापल्याडच्या घरातल्या दिव्याचं. त्याच्या पहिल्या तीन ओळी जमिनीलगत चालतात आणि चौथी एकदम वर चढते. टेकविन ते इतक्या खाली लावायचा की नवख्याला वाटावं, म्हातारा कुरकुर करतोय. मग तो मूठ वर धरायचा. सगळी शेड त्या एका सुरावर थांबून राहायची, आणि मूठ खाली आली की सुटायची. चौथी ओळ आली की शेडचा पत्रा थरथरायचा. कोणी उत्साहाच्या भरात पट्टी चढवायला लागला, तर टेकविन डोळे न उघडता तळहात हवेत खाली दाबायचा. जरा खाली, जरा खाली. गाताना त्याचे डोळे कायम मिटलेले असायचे. किती तरी गोल त्याने असे घालवले.

त्याच्या उजव्या हाताला कायम एल्वेड. एल्वेड खाटीक, आता दुकान मुलीला देऊन मोकळा झालेला. एल्वेडला सूर म्हणून माहीत नाही, पण टेकविनच्या आवाजाला चिकटून गेलं की आपलंही बरं लागतं, एवढं त्याला कळलं होतं. दोघं एकमेकांच्या घरी फारसे गेले नाहीत. दर शनिवारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले, एवढंच. टेकविनची बायको मेन्ना गेली, त्यानंतरच्या शनिवारीही ते तसेच उभे होते, आणि एल्वेडने फक्त त्याच्या हातात रश्श्याचा कढत कप दिला होता.

आणि मग गेल्या शरदात टेकविनच्या घशात गाठ निघाली.

मुलगी लाऊरी त्याला समुद्रकाठच्या आपल्या गावी घेऊन गेली. शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही समोरच्याने कान पुढे केला तर. टेकविनने गावात कोणाला काही कळवलं नाही. काय कळवणार? एल्वेडचे फोन यायचे. फोन वाजत राहायचा आणि टेकविन त्याच्याकडे बघत बसायचा. उचलला असता तरी काय बोलला असता? लाऊरी म्हणायची, "बाबा, मी सांगू का त्यांना?" तर तो अशा नजरेने बघायचा की ती गप्प व्हायची. पुढे फोन येणं बंद झालं. टेकविनला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. या दोन्हींतलं खरं कोणतं, ते काही त्याला ठरवता आलं नाही.

त्याच्या मनाने मात्र एक गोष्ट पक्की धरली होती. शेडमधली जागा त्याच्या आवाजाची होती, त्याची नव्हे. टेकविन नोडिनमधला नोडिन गेला. उरला टेकविन प्रिचर्ड, आणि तसे या खोऱ्यात पुष्कळ. मुक्या माणसाने कठडा अडवून काय करायचं? तेव्हा मोसमातली ही शेवटची लढत पाहुण्यांत बसून बघायची, मनातल्या मनात निरोप घ्यायचा आणि परत कधी यायचं नाही, असं ठरवून तो बसने आला होता. लाऊरीला त्याने चिठ्ठीवर फक्त 'फिरायला' एवढं लिहून दिलं होतं.

तो जिच्या शेजारी बसला ती बाई नेमकी बोलघेवडी निघाली. ग्लेनिस तिचं नाव. ट्रेवाइनचा लाल-काळा स्कार्फ, मांडीवर डबा, आणि आवाज असा की शेजारच्याच्या कानातला मळ निघावा.

"एकटेच का? घ्या, आपला बारा ब्रिथ केक घ्या. मनुका रात्रभर चहात भिजवल्यात," तिने केकचा तुकडा त्याच्या हातात कोंबला. "तुम्हाला आमच्या बसमध्ये बघितलं नाही मी."

टेकविनने घशाकडे बोट दाखवलं.

"घसा बसलाय? अरेरे. मग मीच बोलते, तुम्ही ऐका."

खेळ सुरू झाला आणि टेकविनचा गोंधळही सुरू झाला. त्याने आपली शेड समोरून कधी बघितलीच नव्हती. इतकी लहान? इतका गंजलेला पत्रा? आणि हे काय, तिथे हात वर होताना दिसत होते आणि टाळी मात्र अंमळ उशिराने येत होती. मैदान ओलांडून आवाजाला यायला वेळ लागतो, हे माहीत असणं वेगळं आणि आपली माणसं अशी मागे पडलेली बघणं वेगळं. त्याला क्षणभर वाटलं, बिघाड त्याच्या कानातच आहे. डॉक्टरांनी घशाबरोबर आणखी काही काढलं की काय?

अबरवेनच्या मुलाने चेंडू खांबावर मारला, टेकविन अर्धा उठला आणि मग आपण ट्रेवाइनचे आहोत हे आठवून खाली बसला. ट्रेवाइनने गोल केला तेव्हा ग्लेनिसने त्याला मिठी मारली. त्याने हसल्यासारखं केलं. त्याला वाटत होतं, हा विश्वासघात आहे. पण नक्की कोणाचा, ते सांगता आलं नसतं.

शेडमधून गाणी येत होती, पण ती टेकविनची नव्हती. कोणी तरी ढोल आणला होता. ढोल जोरात होता आणि गाणं त्याच्यामागे धापा टाकत होतं. कठड्यापाशी त्याला एल्वेडचं टक्कल दिसलं. ते तेवढं ओळखीचं होतं. त्याच्या डाव्या हाताला, टेकविनच्या जागी, कोणी तरी जाडजूड माणूस उभा होता. बरोबरच आहे, टेकविनने स्वतःला समजावलं. जागा म्हणजे काय, भरायचीच. तरी त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

मध्यंतरानंतर अबरवेनने बरोबरी साधली. खेळ रंगात आला होता. आणि मध्येच, काहीही घडलेलं नसताना, चेंडू आपला मधल्या वर्तुळात निवांत फिरत असताना, सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली. मग बाजूचा स्टँड उठला. मग ग्लेनिस उठली आणि तिच्यामागे सगळं ट्रेवाइन.

टेकविनने घड्याळाच्या फळीकडे बघितलं. सहासष्टावं मिनिट. मग त्याला उमगलं. आमच्याकडे ही रीत आहे. मैदानावरचं नेहमीचं माणूस गेलं, की त्याचं जेवढं वय, तेवढ्या मिनिटाला सगळ्यांनी उभं राहून मिनिटभर टाळ्या वाजवायच्या. म्हणजे सहासष्ट वर्षांचं कोणी तरी गेलं होतं. टेकविन धडपडत उठला आणि टाळ्या वाजवायला लागला.

कोण असेल? खजिनदार तर ऐंशीच्या घरातला. गवत कापणारा मॉर्गन? त्याला तर मघाशीच रेषेपाशी बघितलं. चहाच्या खिडकीतली ब्रोनवेन? ब्रोनवेन सहासष्टचीच असेल. किती वर्षं तिच्या हातचा चहा प्यायला आणि ती गेली ते त्याला कळलंही नाही. दार लावून घरात बसलं की असंच होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर शेडमध्ये एक पांढरी चादर उलगडली होती, तिच्यावर काही तरी रंगवलेलं होतं, पण वाऱ्याने ती गुंडाळली जात होती आणि चष्मा त्याने सोंग पूर्ण करायला म्हणून घरीच ठेवला होता.

त्याने ग्लेनिसच्या बाहीला हात लावला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "कोण गेलं?"

"त्यांचा तो गाणारा हो," ग्लेनिस टाळ्या वाजवतच म्हणाली. "ते बघा ना चादरीवर, नोडिन की काय. त्या म्हाताऱ्याने काय छळलंय आम्हाला! आमची पोरं जरा पुढे गेली की हा तिथून ते दिव्याचं गाणं लावणार, आणि मग यांच्या पोरांच्या अंगात यायचं. वीस वर्षं शिव्या घातल्या मी त्याला. वाजवा हो टाळ्या, हात का थांबवले? असा माणूस आपल्याकडे एक असता तर!"

टेकविनचे हात हवेतच राहिले.

त्याने तिचं बोलणं पुन्हा एकदा मनात फिरवलं. नोडिन. दिव्याचं गाणं. पण सहासष्ट? तो तर बहात्तरचा होता. म्हणजे दुसरा कोणी असणार. पण दिव्याचं गाणं दुसरं कोण लावत होतं? त्याने स्वतःचा तळहात बघितला. गरम होता. टाळ्या वाजवून लाल झाला होता. ब्रोनवेनसाठी आलेलं पाणी अजून गालावर होतं आणि आता ते नक्की कोणासाठी धरायचं, हेच त्याला कळेना. ओरडून सांगावं, अरे मी इथे आहे! पण ओरडणार कशाने? आणि सांगून करायचं काय? लोक इतक्या मनापासून टाळ्या देत होते, आणि टेकविन नोडिन गेला असं तर तो स्वतःच महिनोन्‌महिने म्हणत होता. या लोकांचं म्हणणं काही त्याच्याहून फार वेगळं नव्हतं. असाच उठून बसने परत जावं, हे त्याला एकदम बरं वाटलं. त्याने जाकिटाची चेन वर ओढली.

तेवढ्यात टाळ्या थांबल्या आणि शेडने दिव्याचं गाणं लावलं.

लावलं ते कोणी, देव जाणे. त्या जाडजूड माणसानेच असावं. पहिला शब्द ऐकला आणि टेकविनचा चेनवरचा हात थांबला. पट्टी चढी होती. भयंकर चढी. प्रेमाने लावली होती, रडवेल्या जोशात लावली होती, आणि साफ चुकली होती. दुसरी ओळ कशीबशी गेली. तिसरीला माना ताणल्या गेल्या. टेकविनला दिसत होतं, आता पुढे भिंत आहे आणि ही सगळी माणसं तिच्यावर जाऊन आपटणार. त्याच्याच गाण्यात, त्याच्याच नावाने.

चौथी ओळ आली. काही जण चिरकले, काही जणांनी मध्येच खालचा सूर पकडला, बाकीच्यांनी तोंडं मिटली. गाणं फुटलं. ढोलाचे दोन ठोके मागे राहिले आणि मग तेही थांबले. सगळ्या मैदानावर लाज वाटेल अशी शांतता पसरली.

"अरेरे," ग्लेनिस म्हणाली आणि तिने खरोखरच डोळे मिटले.

टेकविन उभा होता. कधी उभा राहिला ते त्याला आठवत नव्हतं. मफलर सुटून खांद्यावर आला होता आणि त्याचा डावा हात लांब पसरून, तळवा उलटा, हवेत खाली दाबत होता. जरा खाली. जरा खाली. पाहुण्यांच्या गर्दीतून, अख्खं मैदान मध्ये असताना.

"काय करताय हे?" ग्लेनिसने विचारलं. मग तिने त्याच्या हाताकडे बघितलं. वीस वर्षं हा हात तिने समोरून बघितला होता. "थांबा, थांबा. कोण हो तुम्ही?"

"तो," टेकविन कुजबुजला.

"तो कोण?"

"गेलेला."

ग्लेनिसचं तोंड उघडं पडलं. मग ती हसली की रडली, हे तिच्या मागच्या रांगेतल्यांना आजही सांगता येत नाही. ती बाकावर चढली आणि तिने आपल्या बसच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "अरे, ऐका रे! यांचा मेलेला आपल्याकडे आहे!"

ट्रेवाइनच्या लोकांना चिडवायला निमित्त लागत नाही. त्यांनी टेकविनला बघितलं, त्याच्या हाताला बघितलं, आणि दुसऱ्या क्षणाला सगळी बाजू एका ठेक्यात ओरडायला लागली. "मे-लेला आमच्याकडे! मे-लेला आमच्याकडे!" शेजारच्या दोघांनी टेकविनला बाकावर चढवलं. एकाने त्याची टोपी काढून हवेत नाचवली.

शेड गप्प होती. तिथून त्यांना फक्त कोणी तरी म्हातारा बाकावर उभा केलेला दिसत होता. मग एल्वेड कठड्यावर पोटावर वाकला, इतका की मागच्यांनी त्याचा पट्टा धरला. त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. आणि एल्वेड खाटकाचा तो बेसूर, फुटका आवाज मैदान ओलांडून एकटा आला.

"परत द्या!"

शेडने तो उचलला. "परत द्या! परत द्या!" बाजूचा स्टँड, चहाच्या खिडकीतून अर्धी बाहेर आलेली जिवंत ब्रोनवेन, सगळे. "मेलेला आमच्याकडे!" "परत द्या!" मैदानावर बावीस खेळाडू चेंडू सोडून दोन्हीकडे बघत होते. पंचाने शिट्टी तोंडाला लावली, पण ती कशाबद्दल वाजवायची, हे न कळून तशीच धरून ठेवली. कर्ण्यातून निवेदकाचा आवाज आला, "प्रेक्षकहो, एक सूचना आहे. मघाशी आपण ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या ते श्री. टेकविन प्रिचर्ड पाहुण्यांच्या बाजूला आहेत. म्हणजे, बसलेले आहेत. म्हणजे, जिवंत आहेत." कर्णा थोडा वेळ नुसताच खरखरला. "तर, धन्यवाद."

पिवळ्या जाकिटातला पहारेकरी टेकविनपाशी आला. "तुम्हाला पलीकडे नेऊ म्हणतायत, काका. आमच्या नियमात हे कुठे बसत नाही, पण चला."

"जा आता," ग्लेनिसने त्याच्या खिशात बारा ब्रिथचा उरलेला तुकडा घातला. "आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे याल तेव्हा शिव्या घालणारच हं मी."

टेकविन रेषेच्या कडेकडेने चालत निघाला. लोक हात पुढे करत होते, तो ते धरत होता. पण जसजशी शेड जवळ येत गेली तसतशी त्याला भीती वाटायला लागली. हे नोडिनला परत मागत होते. तो तर नव्हताच. यांना काय द्यायचं?

"सरक!" एल्वेडने जाडजूड माणसाला कोपराने ढकललं. "मालक आला." मग त्याने टेकविनला कठड्यावरून अक्षरशः ओढून आत घेतलं, छातीशी धरलं आणि कानात ओरडायला सुरुवात केली. "मेल्या! गाढवा! तुझ्या मातीला गेलो होतो मी! पेपरात आलं होतं, टेकविन प्रिचर्ड, पलीकडच्या खोऱ्यातल्या चॅपलमध्ये. तू फोन उचलेनास, घराला कुलूप, मी काय समजणार? काळा सूट घालून गेलो. रडलो. हॅमचे सँडविच खाल्ले. तुझी लाऊरी दिसेना म्हणून मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो. आणि पाद्रीबाबा म्हणतात, याचा कबुतरांवर फार जीव होता. मी म्हटलं, तीस वर्षं शेजारी उभा राहिलो आणि हा माणूस माझ्याशी कबुतरांबद्दल एक अक्षर बोलला नाही! वय तर म्हणे सहासष्ट. म्हटलं, वयाचीही थापच मारली याने. इतका राग आला मला तुझा, इतका राग आला..."

टेकविनला हसू येत होतं आणि त्या कबुतरवाल्या टेकविनबद्दल वाईटही वाटत होतं. बिचाऱ्याला अख्ख्या मैदानाने टाळ्या दिल्या आणि त्याला फुटबॉल आवडत होता की नाही, कोणाला माहीत.

"ते नंतर," एल्वेडने नाक पुसलं. "आता लाव. मघाशी या लोकांनी जे केलंय ते पुसून काढ. लाव!"

शेड शांत झाली. मागच्या पायऱ्यांवरून कोणी तरी "श्शू" केलं. पत्र्यावर सीगलची नखं वाजत होती, तीही ऐकू आली. सगळे टेकविनकडे बघत होते.

टेकविनने सवयीने डोळे मिटले, पोटात श्वास भरला आणि तोंड उघडलं. नुसती हवा आली.

त्याने पुन्हा एकदा केलं. पुन्हा हवा. मग त्याने डोळे उघडले, मफलर पूर्ण सोडला आणि एल्वेडला गळ्यावरची आडवी गुलाबी खूण दाखवली. जी गोष्ट लपवायला त्याने सगळा हिवाळा दार लावून घेतलं होतं, ती सगळ्या शेडने बघितली.

एल्वेड त्या खुणेकडे बघत राहिला. "म्हणून फोन..." एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला की टेकविनला वाटलं, आता हा आपल्याला घरी नेऊन सोडील. टेकविनने निघायला पाऊल मागे घेतलं.

एल्वेडने त्याच्या जाकिटाची कॉलर धरली. आणि त्या माणसाने, ज्याला जन्मात सूर सापडला नव्हता, तोंड उघडून "आऽ" केलं.

भयंकर होतं. चढंही होतं. टेकविनचा हात आपोआप पुढे आला. तळवा खाली.

एल्वेड खाली आला. टेकविनने मान हलवली. आणखी खाली. आणखी.

"त्याच्या खाली माझ्याकडे काही नाही, बाबा!"

तळवा खालीच दाबत होता. एल्वेडने हनुवटी छातीला लावली, डोळे वटारले आणि पोटाच्या तळातून काही तरी घरघरत वर आणलं. ते एकदा इकडे डगमगलं, एकदा तिकडे, आणि मग टेकविनच्या हाताखाली येऊन स्थिर बसलं. हा. हाच.

टेकविनने मूठ वर धरली. जाडजूड माणसाने सूर घेतला, मग त्याच्या मागच्या बाईने, मग पायरीवर पायरी चढत तो वर पत्र्यापर्यंत गेला. मैदानापलीकडे ट्रेवाइनच्या लोकांनीही तोच धरला. गाणं काही अबरवेनचं एकट्याचं नव्हतं, तेही चॅपलमध्येच वाढले होते.

टेकविनचे डोळे उघडे होते. या घटकेला त्याने ते आजवर कधी उघडे ठेवले नव्हते. शेकडो चेहरे त्या एका सुरावर थांबून त्याच्या मुठीकडे बघत होते. दर शनिवारी हे असेच बघत असायचे? हे त्याला कोणी कसं सांगितलं नाही? त्याने मूठ हवी त्याहून जरा जास्तच वेळ धरून ठेवली. मग सोडली.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीला कोणाची मान ताणली नाही. चौथी ओळ आली आणि वर गेली, सगळीच्या सगळी, आणि पत्रा थरथरायला लागला. टेकविनचंही तोंड उघडं होतं. त्यातून काहीच येत नव्हतं, आणि ते कोणालाच कळत नव्हतं, त्याला स्वतःलाही.